तोंड नसलेली मनी, कान नसलेला बोका

‘‘आई, पोटात दुखतंय.’’

बुधवारची सकाळ. तव्यावर पोळी, दुसऱ्या शेगडीवर डब्याची भाजी, नळाला पाणी यायची वेळ झालेली. अशा वेळी लेकरू दारात पोट धरून उभं राहिलं तर आईला काळजी वाटायला हवी. मला मात्र राग आला. कारण मागच्या बुधवारीही दुखलं होतं, त्याच्या आधीच्याही. शाळेची रिक्षा निघून गेली, की अर्ध्या तासात पोट ठणठणीत बरं!

गोष्ट 2009 सालची. माझी लेक गार्गी तेव्हा तिसरीत होती. घरातल्या मोठ्या माणसांनी मिळून निदान करून टाकलं, ‘‘हे सगळं त्या डोरेमॉनचं शिक्षण!’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘त्या निळ्या बोक्यानं पोरीला बिघडवलं बघ. बंद कर ती केबल.’’ मी पंधरा दिवस केबल बंद ठेवली. पोट दुखायचं थांबलं नाही.

मैत्रिणींनो, त्या काळात तुमच्याही घरात हा निळा बोका शिरला असेलच. आपल्याकडे 2005 साली तो हिंदी बोलत टीव्हीवर आला आणि बघता बघता घरचाच झाला. मराठी शाळेतली पोरं पाणी मागताना ‘‘मम्मी, बहुत प्यास लगी है’’ म्हणायला लागली, ती याच्याच कृपेनं. तो अभ्यास न करणारा, परीक्षेत शून्य मिळवणारा, सारखा रडणारा नोबिता आणि संकट आलं की पोटाच्या खिशातून काहीतरी भन्नाट वस्तू काढून देणारा डोरेमॉन. आम्हा आयांचं म्हणणं एकच, अशानं मुलं आळशी होतात, खोटं बोलायला शिकतात.

मीही तेच म्हणत होते. पण खरं सांगते, तोवर मी एकही भाग धड बसून पाहिला नव्हता. नुसता स्वयंपाकघरातून आवाज ऐकला होता.

पुढे केव्हातरी या बोक्याची जन्मकथा वाचनात आली. हिरोशी फुजिमोतो नावाचे जपानी चित्रकार. ते ‘फुजिको एफ. फुजिओ’ या नावानं चित्रकथा काढत. 1969 च्या डिसेंबरात डोरेमॉन पहिल्यांदा जपानमधल्या मुलांच्या मासिकांतून आला. असं सांगतात, की नव्या गोष्टीचा हप्ता द्यायची तारीख डोक्यावर आली होती आणि या गृहस्थांना काही म्हणता काही सुचत नव्हतं. एका भटक्या मांजरात जीव रमवत त्यांनी वेळ घालवला आणि मग घरात चालताना पाय अडखळला तो मुलीच्या खेळण्यावर. आडवी केली तरी पुन्हा उभी राहणारी गोल बुडाची बाहुली असते ना, तशी. मांजर आणि ती बाहुली डोक्यात एकत्र झाली आणि झाला डोरेमॉन! घरात पसरलेल्या खेळण्यांवर आपणही रोज अडखळतो. आपण फक्त ओरडतो, एवढाच फरक.

हा डोरेमॉन म्हणजे बाविसाव्या शतकातला यंत्र-बोका. जन्मतारीख 3 सप्टेंबर 2112, उंची 129.3 सेंटिमीटर, वजन 129.3 किलो. त्याला तुम्ही नीट पाहिलं असेल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. त्याला कानच नाहीत! यंत्राच्या उंदरानं ते कुरतडले. तेव्हापासून हा मांजर असून उंदराला घाबरतो. आणि तो मदतीला येतो कुणाच्या? वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाच्या नव्हे. ज्याला पळता येत नाही, पोहता येत नाही, ज्याला सगळे हसतात, त्याच्या. हे मला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

असो. डोरेमॉन बंद झाल्यावर गार्गीनं दुसरं मांजर धरलं. शनिवारच्या बाजारात फ्रॉक, रुमाल, क्लिपा विकणारा एक जण बसतो. त्याच्याकडून तिच्या बाबांनी एक गुलाबी उशी आणली होती. त्यावर पांढऱ्या मांजरीचं मोठं तोंड, डाव्या कानावर लाल बो. ‘हॅलो किटी’च ती, पण बाजारातली नक्कल. बो जरा तिरका आणि मिशा दोन्हीकडे सारख्या नाहीत. सासूबाईंनी उशी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘अगं, याला तोंडच काढलं नाही की! शिवणारा विसरला वाटतं.’’

आम्ही हसलो. पण शिवणारा विसरला नव्हता. खऱ्या किटीलाही तोंड नाही. दोन टिपक्यांसारखे डोळे, पिवळं नाक, सहा मिशा, बस्स.

या किटीचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. शिंतारो त्सुजी नावाच्या जपानी उद्योजकानं 1960 साली एक छोटी कंपनी काढली. रबरी चपलांवर फूल रंगवलं की त्या जास्त खपतात, हे त्यांच्या लक्षात आलं. चप्पल तीच, रबर तेच, पण वर गोड काहीतरी हवं! ही कंपनी पुढे ‘सॅनरिओ’ झाली. तिथल्या युको शिमिझू या चित्रकार बाईंनी 1974 मध्ये किटी काढली आणि पुढच्या वर्षी ती एका छोट्याशा चिल्लर ठेवायच्या पाकिटावर बाजारात आली. एका बाजूला दुधाची बाटली, दुसऱ्या बाजूला माशांचं भांडं आणि मधे ही बसलेली. गंमत म्हणजे ती जपानी नाही! कंपनीनं ठरवलं, की ती लंडनला राहते, घरात आई-बाबा आणि मिमी नावाची जुळी बहीण आहे. उंची पाच सफरचंदांएवढी, वजन तीन सफरचंदांएवढं. त्या काळात जपानी मुलींना इंग्लंडचं फार आकर्षण होतं, म्हणून हे लंडन.

आणि तोंड का नाही? तर कंपनीचं म्हणणं असं, की बघणाऱ्यानं आपल्या मनातला भाव तिच्यात पाहावा. तुम्ही आनंदात असाल तर ती हसरी वाटते, तुम्ही रडत असाल तर तीही उदास दिसते. हे मी तेव्हा वाचलं असतं तर ‘विकायच्या युक्त्या’ म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याआधीच माझ्या घरात ते घडलं.

मी तेव्हा घरी शिवणाची कामं घेत असे. दुपारी आतल्या खोलीत मशीन चालू आणि बाहेरच्या खोलीत गार्गी एकटी खेळत असायची. मशीनच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. त्या दिवशी दोरा तुटला. मी सुईत दोरा ओवायला वाकले आणि बाहेरून बोलणं ऐकू आलं. मला आधी वाटलं, शेजारची कुणी मुलगी आलीय. कारण बोलणं सरळ, भराभर, कुठंही न अडखळता चाललं होतं.

माझी लेक अडखळत बोलायची. साडेतीन-चार वर्षांची झाली तेव्हापासून. ‘ग’ आणि ‘क’वर गाडी अडायची आणि दैवदुर्विलास बघा, नाव गार्गी! जनकाच्या सभेत याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारणाऱ्या विदुषीचं नाव मोठ्या हौसेनं ठेवलं आणि पोरीला स्वतःचं नावच सांगता येईना. सासूबाईंनी लहानपणी जिभेला मधातून वेखंड लावून पाहिलं होतं. कुणी म्हणालं, मोठी झाली की जाईल. मी काय करत होते? ती अडली की मी शब्द पूर्ण करून द्यायची. ‘‘सावकाश बोल गं, घाई करू नकोस, श्वास घे,’’ असं दिवसातून दहा वेळा सांगायची. मला वाटायचं, मी मदत करतेय.

मी दाराआडून पाहिलं. गार्गीनं उशी भिंतीला टेकवून बसवली होती आणि ती तिला सांगत होती, ‘‘उद्या बुधवार आहे. दुसऱ्या तासाला प्रकट वाचन. माझा नंबर आला की सगळे आधीच हसायला लागतात. मागच्या बाकावरची मुलं गागागागा करतात. बाईपण म्हणतात, बस खाली, दुसरी वाचेल. मला वाचता येतं, किटी. धडा पाठ आहे माझा. तुला म्हणून दाखवू?’’

आणि तिनं अख्खा धडा म्हणून दाखवला. एकदाही न अडता.

मी तिथंच जमिनीवर बसले. चार महिने दर बुधवारी माझी मुलगी पोट धरून उभी होती आणि मी केबल बंद करत होते. आठ वर्षांच्या पोरीला हे सगळं सांगायला घरात तीन मोठी माणसं होती. तिनं निवडलं कुणाला? बाजारातल्या नकली मांजराला. का? कारण त्याला तोंड नव्हतं. ते मधे बोलत नव्हतं. शब्द पूर्ण करत नव्हतं. ‘‘सावकाश बोल’’ म्हणत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही सांगलीला स्पीच थेरपिस्टकडे गेलो. मी अपराध्यासारखी म्हटलं, ‘‘मॅडम, ती उशीशी अगदी नीट बोलते. म्हणजे मुद्दामच करते का ही?’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘अहो, मुद्दाम नाही. अडखळणारी बहुतेक माणसं एकटी असताना, कुत्र्या-मांजरांशी, तान्ह्या बाळाशी बोलताना अडखळत नाहीत. गाणं म्हणताना, सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणतानाही नाही. समोर ऐकून मार्क देणारं कुणी नसलं, की जीभ मोकळी होते.’’ हा तिच्या स्वभावाचा दोष नाही आणि तुमच्या वाढवण्याचाही नाही, हेही त्यांनी सांगितलं. पुष्कळ वेळा हे घराण्यात असतं आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसतं. मला एकदम माझा चुलत मामा आठवला. लग्नकार्यात कोपऱ्यात गप्प बसणारा. आम्ही त्याला ‘शिष्ट’ म्हणायचो!

त्यांनी आम्हाला जे सांगितलं, ते इथं देते, कुणा आईच्या कामी येईल. मूल अडलं तर शब्द आपण पूर्ण करायचा नाही. ‘सावकाश’, ‘श्वास घे’ अशा सूचना द्यायच्या नाहीत. नजर फिरवायची नाही. त्यापेक्षा आपणच जरा सावकाश बोलायचं आणि ते संपवेपर्यंत थांबायचं. ते *कसं* बोललं याकडे नव्हे, *काय* बोललं याकडे लक्ष द्यायचं. पाहुण्यांसमोर ‘‘पाहुण्यांना कविता म्हणून दाखव’’ हा आग्रह बंद. आणि थोरामोठ्यांनी काहीही सांगितलं तरी तज्ज्ञांना दाखवायला उशीर करायचा नाही.

सांगायला सोपं, करायला महाकठीण. लेकरू एका अक्षरावर अडून लालबुंद होतंय आणि आपण नुसतं बघत बसायचं! पहिले काही दिवस मी अक्षरशः पदर तोंडाशी धरून बसायची.

शाळेतही गेले. तक्रार करायला म्हणून गेले होते, पण बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘‘गार्गीच्या आई, मला वाटायचं तिला लाजवायला नको, म्हणून मी बसवत होते.’’ त्याही माझ्यासारख्याच, मदत करायला गेलेल्या. मग त्यांनी एक युक्ती केली. प्रकट वाचन एकेकट्यानं न घेता दोघी-दोघींनी मिळून घ्यायचं, वर्गात सगळ्यांनीच. गार्गीबरोबर तिची मैत्रीण उभी राहिली आणि दोघींनी एका सुरात धडा वाचला. त्या बुधवारी पोट दुखलं नाही.

तेव्हापासून मुलांना ही चित्रातली जनावरं इतकी का आवडतात, याबद्दल मिळेल ते मी वाचत गेले. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं 1943 साली मांडलं, की मोठं डोकं, रुंद कपाळ, मोठे डोळे, गोबरे गाल, आखूड हातपाय असं रूप दिसलं की माणसाला आपोआप माया येते. तान्ह्या बाळाचं रूपच ते. मांजराच्या पिलाचंही तेच. चित्रकार नेमकं हेच ओळखतात. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञानं तर 1979 मध्ये दाखवून दिलं होतं, की मिकी माऊस वर्षांगणिक म्हातारा व्हायच्याऐवजी बाळासारखा होत गेला. डोकं मोठं, डोळे मोठे! डोरेमॉनचं डोकं आणि किटीचा चेहरा पाहा, हिशेब तोच.

पण मला वाटतं, गोष्ट एवढ्यावर संपत नाही. आपल्या गोष्टींतही जनावरं होतीच. चिऊ-काऊ, कोल्हा-करकोचा, वाघाची मावशी. पण आपण त्या गोष्टी सांगताना शेवटी बोट वर करतोच, ‘‘मग यातून काय शिकलो?’’ आपला चिमणा-कावळासुद्धा शिकवायला येतो. मुलाला दिवसभर शिकवणारे पुष्कळ असतात. त्याला हवं असतं कुणीतरी, जे त्याच्याहून लहान आहे, त्याच्याहून दुबळं आहे आणि त्याची परीक्षा घेत नाही. टॉम आणि जेरीच बघा ना. 1940 पासून मारामारी चाललीय, शब्द जवळजवळ नाहीतच. पण बहुतेक वेळा लहानगाच जिंकतो आणि घरातलं सगळ्यात लहान माणूस टाळ्या पिटतं.

आता या मनीबद्दल दुसरी बाजूही सांगायला हवी. तोंड नसलेली मांजर, तीही मुलगी, तीही गोड, तीही बो लावलेली. हे काय मुलींना शिकवणं झालं? ‘छान दिस आणि गप्प बस!’ अशी टीका किटीवर पुष्कळ झालीय आणि ती मला खोटी वाटत नाही. आपल्यातल्या किती जणी आयुष्यभर सासर-माहेरच्या फोटोत अशाच उभ्या आहेत. बो नाही, पदर आहे, एवढंच. मला विचाराल तर मुलीला किटीशी खुशाल बोलू द्यावं, पण मुलीनं किटी होता कामा नये. उशीला तोंड नसलं तर चालेल. मुलीला हवंच. आणि त्या मुलीच्या आईलाही.

2014 साली एक मजेदार बातमी आली. लॉस एंजेलिसमध्ये किटीचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी मजकूर लिहिणाऱ्या क्रिस्टीन यानो या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी किटीला मांजर म्हटलं, तर कंपनीनं त्यांना दुरुस्त केलं, ‘ती मांजर नाही, लहान मुलगी आहे.’ ती कधी चार पायांवर चालत नाही, उलट तिनंच एक मांजर पाळलंय! जगभर हलकल्लोळ झाला. मग कंपनीनं सारवासारव केली, की मांजराला माणसाचं रूप दिलंय, असं समजा. गार्गी तेव्हा तेरा वर्षांची होती. बातमी वाचून ती म्हणाली, ‘‘म-मला माहीतच होतं. मांजराशी एवढं कोण ब-बोलेल?’’

हो, ती अजून अडखळते. उपचारांनी पुष्कळ फरक पडला, पण ते पुरतं गेलं नाही आणि जाईलच असं त्या थेरपिस्ट मॅडमनी कधी सांगितलंही नव्हतं. फरक पडला तो वेगळाच. आता ती पुण्याला नोकरी करते. मुलाखतीच्या वेळी तिनं सुरुवातीलाच सांगून टाकलं, ‘‘मी बोलताना अडखळते. मला जरा वेळ लागेल.’’ समोरचे म्हणाले, ‘‘लागू दे.’’ हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मला तिसरीतला तो बुधवार आठवला.

किटीला 2024 मध्ये 50 वर्षं झाली. आमच्या नकली किटीचं म्हणाल, तर ती उशी धुऊन धुऊन पांढुरकी झालीय. मिशा गेल्या, नाक गेलं, डोळे तेवढे शिल्लक आहेत. सासूबाई शेवटच्या आजारपणात ती मानेखाली घेत. गार्गीला म्हणायच्या, ‘‘हिच्यापाशी आता मी बोलते गं. तुमची आई दिवसभर मशीनवर.’’ मी ऐकलं ते. त्या दिवसापासून दुपारचं मशीन अर्धा तास आधी बंद करायला लागले.

परवा गार्गीचा फोन आला होता. ऑफिसात काहीतरी बिनसलं होतं. एका शब्दावर ती अडली. बराच वेळ पलीकडून काही येईना. पूर्वीची मी असते तर तीन शब्द सुचवून मोकळी झाले असते. मी थांबले. मग तिनंच विचारलं, ‘‘आई, ऐकतेयस ना?’’

‘‘हो,’’ म्हटलं. ‘‘बोल तू.’’